पारडी परत बदलायची राहिली

रंजे,

तुझ्या तेराव्याला फोटोवरचा हार सारखा डावीकडे घसरत होता. मी उठून नीट केला, तर उजवीकडे घसरला. पुन्हा उठले, पुन्हा डावीकडे. कडावच्या तुमच्या ओटीवर पाहुणे बसलेले, आत पानांची गडबड, आणि मी आपली उठबस करतेय. शेवटी मावशींनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे गं बाय. हाय तसा बरा हाय." आणि शपथ सांगते, मला हसू फुटलं. कारण तुझी आई माझ्या बाजूने बोलली होती. एकदा बऱ्यापैकी जुळलं की हात लावू नये, हे मी तुला गेलं अख्खं वर्ष कानीकपाळी ओरडून सांगत होते. तू तिथे असतीस तर आईशीच भांडली असतीस. हसू दाबता दाबता मला रडू आलं आणि लोकांना फक्त रडू दिसलं, ते एक बरं झालं.

तू गेलीस हे मला कळलंय की नाही, मला सांगता येत नाही. परवा मी कशेळ्याहून जीपने निघाले आणि नेहमीप्रमाणे कडावला उतरले. तुझी गाडी वडाखाली उभी असणार, तू हॉर्न दाबून ठेवणार आणि आपण भांडत भांडत कुंभिवलीला ऑफिसात पोचणार, असंच पायांना वाटत होतं. जीप निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. दुसरी जीप येईपर्यंत उभी राहिले. काल पुन्हा तेच झालं. जीपवाला म्हणाला, "ताई, आज पन हितंच?" मी म्हटलं, हो, काम आहे. मग काम असल्यासारखी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.

तेराव्याला कुणीतरी लांबच्या नातलगाने मला विचारलं, "घड्याळं दुरुस्त करायची ना ती?" मी हो म्हटलं. समजावत कुठे बसू? आणि तसं ते फार खोटंही नाही. प्रत्येक चिपच्या पोटात एक ठोका चालू असतो, त्याला आपण क्लॉक म्हणतो. वर, खाली, वर, खाली. जितका वेळ वर, तितकाच खाली असायला हवा. पण चिपमध्ये इकडून तिकडे जाताना तो बिघडतो. वरचा वेळ वाढतो, खालचा आकसतो, आणि त्या आकसलेल्या वेळात ज्याला काम उरकायचं असतं त्याची फजिती होते. वर किती वेळ आणि खाली किती, हे प्रमाण म्हणजे ड्यूटी सायकल. ते पुन्हा निम्म्यावर आणून बसवणारं एक इवलंसं सर्किट मोठ्या कंपन्यांना करून द्यायचं, यावर आपल्या दोघींची चूल पेटायची.

तू हे मावशींना किती झकास समजावलं होतंस. "आई, कालव्याचं पानी बघ. जितका वेळ दार उघडं, तितकाच वेळ बंद. कोनी लावायला उशीर केला तर खालच्याचं भात सुकतं. तो उशीर वळखायचा आनि सारखा करायचा, हे माजं काम." मावशींनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "म्हंजे पाटकरी. त्यापायी एवढं शिकलीस?" तू दोन दिवस ते ऑफिसात सगळ्यांना सांगत होतीस. सगळ्यांना म्हणजे मला आणि खालच्या टायरवाल्या रफिकभाईंना. आपल्या ऑफिसात होतं कोण तिसरं?

भांडण कशावरून होतं तेही आज लिहून टाकते, कारण मला ते स्वतःलाच नीट मांडून बघायचंय. आपलं सर्किट आकड्यांवर चालतं. ते फक्त एवढंच विचारतं, वरचा वेळ जास्त आहे की कमी? जास्त असेल तर आकडा एक पायरी खाली, कमी असेल तर एक पायरी वर. पायरी पायरीने ते निम्म्याजवळ जातं. पण खरं निम्मं असतं दोन पायऱ्यांच्या मध्ये, आणि मध्ये उभं राहायला जागा नसते. मग ते बिचारं एकदा या पायरीवर, एकदा त्या पायरीवर, असं नाचत बसतं. हारासारखं. मी म्हणायचे, जवळ पोचलं की झोपवून टाक. त्या नाचण्याने क्लॉकच थरथरतो. तू म्हणायचीस, झोपवायचं नाही, चिप तापली की प्रमाण ढळतं, मग झोपलेल्याला काय कळणार?

तुझ्याकडे पुरावा होता, हे मान्य. आपल्या गाळ्यावर पत्रा, खाली टायरची भट्टी. मे महिन्यात वीज गेली, टेबलफॅन थांबला, आणि बॅटरीवर चालणारी आपली चाचणीची चिप बघता बघता ढळली. तू घामाने निथळत नाचलीस. "बघ! बघ! झोपलंय तुजं पोर!" चिडलीस किंवा खूश झालीस की तुझं पुस्तकी मराठी गळून पडायचं. मीही दुसऱ्या दिवशी स्कोपच्या, ठोक्याची रेघ दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर तुझ्या जागत्या सर्किटची थरथर दाखवली आणि म्हटलं, हे बघ तुझं पोर, झोपेअभावी हातपाय कापताहेत. दोघींचंही खरं. निकाल लागेना.

अशा वेळी आपण काय करायचो ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. मावशी कशेळ्याच्या बाजारात वाल घेऊन बसायच्या, हातात तागडी धरून. माझी आई त्यांच्याकडूनच घ्यायची, पण दर खेपेला म्हणायची, पारडी बदला. म्हणजे या पारड्यातलं वजन त्या पारड्यात, त्यातला माल या पारड्यात, आणि पुन्हा तोला. तागडीचा एक हात जरासा लांब असला तर लगेच उघडं पडतं. मावशी दर खेपेला रागवायच्या आणि दर खेपेला बदलायच्या. आपल्या सर्किटलाही दोन हात असतात, एक वरचा वेळ तोलतो, एक खालचा, आणि दोन्ही हुबेहूब सारखे कधीच होत नाहीत. त्यावर आलटून पालटून तोलायचं हा उपाय पुस्तकात होताच. पण तू म्हणायचीस, पुस्तकात वाचलं तेव्हा डोक्यावरून गेलं, तागडी आठवली तेव्हा समजलं.

मग तू ते आपल्यालाच लावलंस. ज्या वादाचा निकाल लागत नाही, त्यात बाजू बदलायच्या. मी तुझी लढवायची, तू माझी. नुसतं तोंडाने नाही, काम करून. समोरचीची बाजू मनापासून, आपलीच असल्यासारखी बांधायची. आठवड्याच्या शेवटी पुन्हा आपापल्या बाजूला यायचं आणि मगच ठरवायचं. एवढी वर्षं आपण असंच काम केलं. या खेपेलाही तूच म्हणालीस, "शैले, पारडी बदल." तू माझं झोपणारं सर्किट बांधायला घेतलंस, मी तुझं जागं राहणारं.

आणि आठवडा संपायच्या आत एका सकाळी तुझ्या भावाचा फोन आला. त्याने जे सांगितलं ते मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा विचारलं तर उत्तर बदलेल, असं मला खरंच वाटलं होतं.

आता माझ्यापुढे दोन सर्किटं आहेत. तू बांधलेलं, ज्यावर माझा विश्वास होता. मी बांधलेलं, ज्यावर तुझा होता. दोन्ही पुरी झाली आहेत, दोन्ही चाचणीत पास. कंपनीला एक हवंय. एकदा ते कारखान्यात गेलं की सिलिकॉनवर उमटणार, मग खोडरबर चालत नाही. तुझं पाठवलं, तर ज्यावर तुझा विश्वास नव्हता तेच तुझ्या हातचं शेवटचं काम म्हणून जगभर फिरणार. माझं पाठवलं, तर ज्यावर तुझा विश्वास होता ते जाईल, पण माझ्या हातांनी बांधलेलं. तुझा मान कशात आहे गं? कुठलं तुझं आणि कुठलं माझं, इथेच माझी गाडी अडते.

त्यात तू जाता जाता गोंधळ घालून गेलीस. आदल्या संध्याकाळी कडावला मला उतरवताना काच खाली करून म्हणालीस, "तुजी बाजू लडवता लडवता मलाच ती पटाय लागली गं. वाईट झालं." आणि हसलीस. मी जीपमध्ये चढता चढता म्हटलं, मला तुझी अजून पटलेली नाही. हे साफ खोटं होतं. मला तुझी बाजू पटायला लागली होती, पण सरळ सांगितलं तर तू आठवडाभर डोक्यावर बसली असतीस. म्हटलं, शनिवारी सांगू. तू तरी खरं बोललीस का? की चेष्टा होती? खरं असेल तर गंमत बघ. शनिवारी तू माझ्या बाजूची आणि मी तुझ्या बाजूची झाले असते. भांडण तेवढंच राहिलं असतं, फक्त तोंडं बदलली असती.

मी मावशींकडे गेले. विचारू नये ते विचारलं. म्हटलं, मावशी, रंजना घरी कामाचं काही बोलायची का? शेवटी शेवटी काय म्हणत होती? मावशी वाल सोलत होत्या. माझ्यापुढेही एक सूप सरकवलं.

"बोलायची ना. आली का तुजंच नाव. शैलीचं खरं हाय म्हनायची."

मी लगेच विचारलं, "नक्की? माझं खरं म्हणाली?"

"हां. आनि दुसऱ्या दिशी म्हनायची, शैलीला काय कळत नाय, माजंच खरं. मंग परत तुजं. मी म्हनलं, अगं एकदा काय ते ठरव. तर म्हनली, आई, ते ठरत नसतं." मावशींनी सोललेला वाल पाण्यात टाकला. "बाय, तुमी एवढ्या भांडायच्या कशापायी? मला वाटायचं आता तुटलं, आता तुटलं. आनि सकाळी परत गाडीचा हॉर्न."

आम्ही दोघी सोलत राहिलो. निघताना त्यांनी मला वाल बांधून दिला, तागडी न काढता, ओंजळीने. मी म्हटलं, मावशी, पारडी बदला. आईची आठवण म्हणून थट्टेत म्हटलं गं. त्या पहिल्यांदा हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

काल मी ठरवलं की आता अंतःकरण बाजूला ठेवायचं आणि तू बांधलेलं सर्किट उघडून, जसं परक्याचं बघावं तसं ओळ न् ओळ बघायचं. बघितलं. सगळं माझ्या म्हणण्यासारखं. तोलतं, पायरी पायरीने पोचतं, थांबतं, झोपतं. मी मनात म्हटलं, किती प्रामाणिक आहे ही बाई. आणि एका कोपऱ्यात मला एक तार दिसली, जिचं तिथे काही काम नव्हतं. तिचा माग काढला. काय केलंयस तू हे? चिप जरा विसावली की पुन्हा कामाला लागण्याआधी ते झोपलेलं सर्किट हळूच एक डोळा उघडतं. प्रमाण ढळलंय का बघतं. ढळलं असेल तर सावरतं आणि परत झोपतं. मला पत्ता लागू नये म्हणून त्या तारेला नावसुद्धा दिलेलं नाही.

रंजे, दांडी मारलीस! मावशींच्या तागडीवर माझ्या आईने एवढी वर्षं उगाच संशय घेतला, दांडी मारणारी तर तू निघालीस. माझी बाजू मनापासून लढवायची, असा नियम तूच केला होतास. आणि तुला माझं पोर पूर्ण झोपवून ठेवायला जीव झाला नाही.

मी एकटीच हसत सुटले. मग हसणं थांबलं, कारण मला मी बांधलेलं सर्किट आठवलं. तुझ्या त्या सदा जाग्या सर्किटात मीही एक गोष्ट सरकवली होती. फरक एका पायरीहून लहान असेल तर बघून न बघितल्यासारखं करायचं, हलायचं नाही. म्हणजे जागं, पण उगाच नाचायचं नाही. शनिवारी तुला कळलं असतं तर तू माझ्या झिंज्या उपटल्या असत्यास. दोन्ही सर्किटं शेजारी शेजारी चालवून बघितली. गरम करून, गार करून. उनीस-बीसचा फरक. तू बांधलेलं किंचित जास्त शांत.

तरीही माझा गोंधळ जाईना. तुला माझी बाजू खरंच पटली होती, तर ती तार कशाला? आणि पटली नव्हती, तर कडावच्या वडाखाली तसं का म्हणालीस? की तार आधी घातलीस आणि मग पटलं आणि काढायची राहिली? की काढायचीच नव्हती? मी तुझ्या खुर्चीत जाऊन बसले आणि तुझ्या आवाजात माझ्याशी भांडायला लागले. मोठ्याने. "झोपलंय तुजं पोर," असं म्हणून बघितलं. मग माझ्या खुर्चीत येऊन उत्तर दिलं. जिन्यात पावलं वाजली आणि रफिकभाई दारात येऊन उभे राहिले, हात काळे, चेहरा विचित्र झालेला.

"मॅडम, वरती कोन हाय? मला वाटला रंजना मॅडम..." मग इकडे तिकडे बघून म्हणाले, "भांडनाचा आवाज नाय आला इतके दिवस. खाली काम करायला मजा नाय येत." आणि फॅन उगाचच माझ्याकडे वळवून निघून गेले.

मग मी तुझाच नियम धरला. आठवडा कधीच संपलाय, आता आपापल्या बाजूला परत यायचं. माझी बाजू झोपणाऱ्याची होती, म्हणजे तू बांधलेलं माझ्या वाट्याला येतं. तुझी बाजू जागणाऱ्याची, म्हणजे मी बांधलेलं तुझ्या वाट्याला. मी माझ्या वाट्याचं उचललं. ते तू बांधलेलं आहे, त्यात तुझी तार आहे, ती मी काढलेली नाही. फक्त तिला नाव दिलं. कुठलं ते तुला सांगायला नको.

आज दुपारी कंपनीच्या कुलकर्णींना फोन केला. त्यांना तुझं कळलं होतं, दोन शब्द बरे बोलले. मग विचारलं, "मॅडम, हेच फायनल? खात्री आहे ना?" असं कुणी विचारलं की माझं ठरलेलं उत्तर तुला ठाऊक आहे. थांबा, रंजनाला विचारते. आणि तू मागून ओरडायचीस, अजिबात खात्री नाही म्हणून सांग. कुलकर्णी वाट बघत होते. मी म्हटलं, "हो. खात्री आहे." एका दमात. त्यांना नवल वाटलं असावं, पण ते बरं म्हणाले आणि काम गेलं.

मग त्यांनी पुढच्या कामाचं काढलं. ते कसं करावं, माझं काय मत? मी सांगितलं. त्यांना लगेच पटलं. म्हणाले, बरोबर आहे तुमचं, तसंच करू. मी फोन कानाला तसाच धरून थांबले. खाली रफिकभाई टायर आपटत होते, हायवेवरून एक ट्रेलर गेला. कुणी काही म्हटलं नाही.

तू गेल्यापासून मी रडले, हसले, चुकीच्या नाक्यावर उतरले, पण भीती वाटली नव्हती. आज वाटली. रंजे, माझं म्हणणं मला पहिल्या झटक्यात बरोबर वाटायला लागलंय. एवढी वर्षं माझ्या तागडीचा कुठला हात लांब आहे हे मला शोधायची कधी गरजच पडली नाही, तू होतीस.

उद्या जीपमधून मी कडावला उतरणार आहे. या खेपेला चुकून नाही. मावशींना म्हणणार आहे की वाल तोलूनच द्या, आणि मी माझ्या हाताने पारडी बदलेन. त्या रागावतील. रागावू देत.